वकिलाला काळीज असावे काय?



घरातला मुलगा किंवा मुलगी कायदा शिकू लागली म्हणजे आपल्या वस्तीत तो सणच असतो. काळा कोट शिवून घरी आला की म्हातारी आजी तो हातात घेऊन बघते आणि मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघते. ती काही बोलत नाही. पण तिच्या मनात काय आहे ते सर्वांना कळते. बॅरिस्टर बाबासाहेबांच्या वाटेवर आपल्याही घरातले एक पाऊल पडले, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु त्याच घरात, त्याच दिवशी, त्या पोराला दोन उपदेश ऐकावे लागतात. एक काका सांगतात, "वकिली करायची तर काळजावर दगड ठेवायला शीक. अशिलाच्या रडण्याने जो विरघळतो, त्याच्या हातून खटला निसटतो." दुसरे काका सांगतात, "आपला वकील आग असला पाहिजे. तो उभा राहिला की कोर्टाच्या भिंती हादरल्या पाहिजेत." एक म्हणतो भावना मारून टाक, दुसरा म्हणतो भावना पेटवून दे. कोणाचे ऐकावे?

हा प्रश्न फक्त वकिलांचा आहे असे समजू नका. तुमच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कोर्टाची पायरी चढावी लागते. विहिरीचे भांडण असते, गावठाणातल्या जागेचे असते, मुलीच्या सासरचे असते, कधी जातीवरून झालेल्या अपमानाचे असते. त्या वेळी तुम्ही ज्याच्या हाती आपली गोष्ट सोपवता, त्याच्या अंतःकरणात काय असावे, हा तुमचाही प्रश्न आहे. म्हणून आपण त्याचा शांतपणे विचार करू या. त्यासाठी दूर जायला नको. आपल्या खानदेशातलीच एक घटना पुरेशी आहे.

सन १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. धुळ्याकडच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करून बाबासाहेब आगगाडीने चाळीसगावला परतले. स्टेशनवर आपली माणसे वाट पाहत होती. आज रात्री आमच्या वस्तीत राहा, असा त्यांचा आग्रह होता. वस्ती चालत जाण्याइतकी जवळ, मध्ये एक नदी आणि तिच्यावर कठडे नसलेला पूल. परंतु टांगा येण्यास उशीर होऊ लागला. बाबासाहेबांना कारण कळेना. शेवटी टांगा आला, बाबासाहेब बसले, आणि थोड्याच अंतरावर तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे पुलावर चाक दगडाला धडकले, घोडा आणि टांगा नदीत कोसळले आणि बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. वस्तीतल्या बाया-माणसांनी रडत-ओरडत त्यांना उचलून नेले.

मागाहून खरी हकीकत समजली. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हता. त्यात त्याला कमीपणा वाटत होता. आणि आपल्या लोकांना बाबासाहेबांनी पायी चालावे हे सहन होत नव्हते. तेव्हा तडजोड झाली: टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र आपल्यापैकी कोणीतरी. ज्याने प्रेमाने लगाम हाती घेतला, त्याने कधी टांगा हाकलाच नव्हता. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींच्या छोट्या पुस्तिकेत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. भाड्यावर पोट भरणारा टांगेवालासुद्धा एका बॅरिस्टरापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजू शकतो, हे त्या दिवशी आपल्याला कळले, असा त्याचा आशय आहे.

आपण ही कथा वर्षानुवर्षे ऐकतो ती जातीच्या क्रौर्याची कथा म्हणून. ती तशी आहेच. परंतु आज तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहा. त्या संध्याकाळी चाळीसगाव स्टेशनवर दोन माणसे होती. एकाच्या हातात कसब होते. लगाम कसा धरावा, पुलावर घोडा कसा आवरावा, हे त्याला ठाऊक होते. पण त्याला काळीज नव्हते. दुसऱ्याला काळीज होते, बाबासाहेबांसाठी तो जीवही देता. पण त्याच्या हातात कसब नव्हते. त्याला कसब शिकू दिले नव्हते, हा दोष त्याचा नव्हे, समाजाचा. तरीही परिणाम काय झाला? कसबी माणूस टांग्यावर चढलाच नाही, आणि प्रेमळ माणसाच्या हातून टांगा नदीत गेला.

वकिलाचेही असेच आहे. काळजावर दगड ठेवणारा वकील हा तो टांगेवाला, आणि नुसता पेटणारा वकील हा तो प्रेमळ माणूस. आपल्याला दोघेही पुरे पडत नाहीत.

प्रथम दगडाच्या काळजाचा विचार करू. समजा, पारोळ्याकडच्या एखाद्या खेड्यातून एक बाई जळगावच्या कोर्टात आली आहे. गावच्या रस्त्यावर, चार लोकांसमोर, तिला जातीवरून घाणेरडे बोलले गेले आहे. वकील कागदात डोके घालून विचारतो, "तारीख कोणती? साक्षीदार कोण? लवकर सांग." बाई तारीख सांगते, मारहाण सांगते, पण जे शब्द उच्चारले गेले ते सांगत नाही. ते परक्या पुरुषासमोर तोंडातून काढायची तिला शरम वाटते. ते कुठे उच्चारले गेले, कोणी ऐकले, हेही राहून जाते. फिर्याद त्या शब्दांवाचून लिहिली जाते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा आहे. म्हणजे शब्द, जागा आणि पाहणारे-ऐकणारे, याच गोष्टींवर खटला उभा राहतो. वर्षा-दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात बाई धीर करून ते शब्द सांगते. लगेच विरुद्ध बाजूचा वकील उठतो, "हे तुम्ही फिर्यादीत का सांगितले नाही? हे आता रचले आहे." बाईने खरे सांगितले तरी ती खोटी ठरते. कशामुळे? पहिल्या दिवशी कोणी तिला "बस माय, पानी पी, मग सांग" असे म्हटले नाही म्हणून. एखाद्या स्त्री वकिलाला किंवा सोबतच्या बहिणीला जवळ बसवून घेतले असते, थोडा वेळ गप्प राहून वाट पाहिली असती, तर तो शब्द कागदावर आला असता. म्हणजे माया ही वकिलीच्या बाहेरची गोष्ट नव्हे. ती पुराव्याच्या आतली गोष्ट आहे.

आपल्या कायद्यालाही हे पटलेले आहे. २०१५ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती जानेवारी २०१६ पासून लागू झाली. पीडिताला न्यायाने, आदराने आणि प्रतिष्ठेने वागवले पाहिजे, त्याचे वय, स्त्री असणे, शिक्षणाचा अभाव किंवा गरिबी यांमुळे ज्या गरजा उत्पन्न होतात त्यांची जाणीव ठेवली पाहिजे, असे आता कायद्याच्या कलमातच लिहिलेले आहे. नवदीक्षित कुटुंबांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: बौद्ध झालो म्हणून हे संरक्षण जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांचाही त्यात समावेश झालेला आहे.

आता दुसऱ्या काकांच्या आगीचा विचार करू. आपल्यावर अन्याय झाला की राग येतो. तो येऊ नये असे मी म्हणत नाही. ज्याला अन्यायाचा राग येत नाही तो माणूस मेलेला आहे. परंतु राग फिर्याद लिहू लागला की काय होते? मारणारे तिघे असतात, फिर्यादीत नावे येतात नऊ. त्याचा चुलता, मेहुणा, त्या दिवशी बाहेरगावी असलेला भाऊ, सगळे त्यात येतात. वस्ती म्हणते, "सगळ्यांनाच अडकवा." पेटलेला वकील मान डोलावतो. मग उलटतपासणीत सिद्ध होते की तो भाऊ त्या दिवशी गावातच नव्हता. एक खोटे उघडे पडले की खऱ्यावरही संशयाची सावली पडते आणि संशयाचा फायदा घेऊन ते तिघेही सुटू शकतात. खऱ्या अपराध्यांना सोडवणारा कोण? आपलाच राग. पंचशीलातले चौथे शील आपण विहारात दर रविवारी म्हणतो. ते फिर्याद लिहितानाही म्हणायचे असते.

रागाच्या आणि भीतीच्या आहारी गेलेला जमाव काय करतो हे धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे आले अशा अफवेवरून भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. त्या जमावातल्या आईबापांना आपल्या लेकरांची काळजी नव्हती काय? होती. पण विचाराची साथ सुटलेली काळजी दुसऱ्याच्या लेकरांचा जीव घेते.

मग रागाचे करायचे काय? येथे महाडची आठवण करा. २५ डिसेंबर १९२७ रोजी चवदार तळ्याच्या दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो माणसे जमली होती. मार्च महिन्यात याच महाडात त्यांच्यापैकी कित्येकांची डोकी फुटली होती. या वेळी मरायची तयारी करूनच ते आले होते. परंतु सनातन्यांनी आधीच दिवाणी दावा लावून कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता, आणि त्या दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. त्या पेटलेल्या जनसमुदायापुढे उभे राहून बाबासाहेबांनी सांगितले की सत्याग्रह तहकूब करावा. पाण्याला हात न लावता मिरवणूक तळ्याभोवती फिरून परतली.

थांबा आणि विचार करा, हे किती अवघड होते. पुष्कळांना ते रुचले नाही. आणि तुम्ही मला प्रामाणिकपणे विचाराल, "भाऊ, ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच नेहमी थांबायला का सांगता? शांत राहा, संयम ठेवा, हे शहाणपण नेहमी गरिबालाच का?" हा प्रश्न बरोबर आहे. जो माणूस "थांबा" म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो, तो जुलूम करणाऱ्याचाच मित्र आहे. गावातले पुढारी, ठाण्यातले हवालदार, कधी आपलेच वकील, आपल्याला असे थांबवतात आणि प्रकरण मिटवून टाकतात. तो संयम नव्हे, ती फसवणूक आहे.

महाडचे थांबणे त्याहून वेगळे होते. बाबासाहेबांनी लोकांना थांबवले आणि तो दावा स्वतः शेवटपर्यंत लढवला. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात, वर्षामागून वर्षे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. अस्पृश्यांना पाण्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे सनातन्यांना सिद्ध करता आले नाही. तळे खुले झाले. यासाठी जवळजवळ दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत ज्यांनी तहान सोसली त्यांची किंमत लहान समजू नका. संयम फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजतोच. म्हणून माझे म्हणणे असे की, पीडिताला "थांब" म्हणण्याचा अधिकार फक्त त्यालाच आहे, जो त्याच्याबरोबर शेवटच्या तारखेपर्यंत चालतो. वकिलाच्या काळजाची हीच परीक्षा आहे. तो अशिलाबरोबर किती रडला हे पाहू नका. तो किती तारखांना हजर राहिला हे पाहा.

त्या निकालानंतर चार-साडेचार महिन्यांनी, ३१ जुलै १९३७ रोजी, बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले. त्या दिवसाच्या आठवणीसाठी आजही दरवर्षी लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यावर आपली माणसे जमतात. मला त्या यात्रेत एक गोष्ट नेहमी भावते. ती कोणत्या लढाईची किंवा राज्याभिषेकाची आठवण नव्हे. एक वकील आपल्या कामासाठी आला, त्या दिवसाची ती आठवण आहे. मोडलेला पाय आणि टांगेवाल्याचा नकार याच खानदेशात त्यांच्या वाट्याला आला होता. आठ वर्षांनी त्याच खानदेशात ते हातात खटल्याचे कागद घेऊन आले. अपमान त्यांनी विसरला नव्हता, आणि त्याला आपल्या कामाचा लगामही हाती घेऊ दिला नव्हता.

१९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी या गुणाला "भावनिक बुद्धिमत्ता" असे नाव देऊन त्याची मांडणी केली. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक समजून घ्यायचा, आणि त्या ज्ञानाने आपले विचार व कृती चालवायची, असा तिचा अर्थ. नाव नवीन आहे. पण ज्यांनी तथागतांची वचने ऐकली आहेत त्यांना अर्थ परका वाटणार नाही. मनात राग उठला की "हा राग आहे" असे जाणणे, ही सम्यक स्मृतीची पहिली पायरी. आणि प्रज्ञेला करुणेची व शीलाची जोड नसेल तर ती विद्या घातक ठरते, हे बाबासाहेबांनी आपल्याला पुन्हा पुन्हा बजावले आहे.

अभय राजकुमाराची गोष्ट तुम्ही भिक्खूंकडून ऐकली असेल. कटू बोलावे की बोलू नये, या प्रश्नात तथागतांना अडकवावे म्हणून त्याला शिकवून पाठवले होते. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, या बाळाने तोंडात काटकी किंवा खडा घातला तर तू काय करशील? तो म्हणाला, मी तो काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला बाळाची दया येते. तथागतांनी समजावले की सत्य आणि हिताचे बोलणे कधी कटू असले तरी योग्य वेळ पाहून तेही बोलावे लागते. ते त्याच करुणेतून येते. चांगल्या वकिलाला हेच करावे लागते. "दादा, तुमची ही बाजू कमजोर आहे", "ताई, हे नाव फिर्यादीत घालू नका, तो माणूस तेथे नव्हता", हे अशिलाला सांगणे म्हणजे तोंडातली काटकी काढणे आहे. जो वकील तुमच्या प्रत्येक शब्दाला होकार देतो, त्याला तुमची दया नाही. त्याला तुमची फी पाहिजे.

आणखी एक विवेक हवा. प्रत्येक भांडण शेवटपर्यंत लढायचे नसते आणि प्रत्येक भांडण मिटवायचेही नसते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय युद्धाला उभे राहिले, तेव्हा सिद्धार्थाने सुचवले की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्यांनी निवाडा करावा. बाबासाहेबांच्या धम्मग्रंथात तो प्रसंग आला आहे. भावाभावांतला बांध, वाटणी, शेजाऱ्याचे सांडपाणी, असली भांडणे रागापायी वीस-वीस वर्षे कोर्टात कुजतात आणि ज्या जमिनीसाठी भांडण, ती जमीनच खर्चात जाते. अशांसाठी लोकअदालत आहे. तेथे दोघांच्या संमतीने झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते, आणि कोर्टातून गेलेल्या प्रकरणात भरलेली कोर्ट फीही परत मिळते.

परंतु अत्याचाराचा गुन्हा हे भावकीचे भांडण नव्हे. तो आपसात मिटवता येत नाही; लोकअदालतीलाही ज्या गुन्ह्यात तडजोड चालत नाही त्यात अधिकार नाही. वैयक्तिक दुखावणे सोडून देणे हा मोठेपणा असू शकतो. माणुसकीवरचा घाव सोडून देणे हा मोठेपणा नव्हे, कारण तो घाव उद्या दुसऱ्याच्या लेकराला बसणार असतो. कोणते सोडायचे आणि कोणते धरायचे हे ओळखण्यासाठी डोके आणि काळीज दोन्ही जागी असावी लागतात.

शेवटी तुम्हां कुटुंबांना दोन-तीन गोष्टी सांगतो. वकिलाकडे जाण्याआधी घडलेली हकीकत घरी शांत बसून, जशी घडली तशी, तारखेसह लिहून काढा; लाज वाटते तो शब्दही लिहा, आणि पाहिले नाही ते लिहू नका. पैसे नाहीत म्हणून मागे फिरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि जळगाव व धुळे येथील जिल्हा न्यायालयांत त्याची कार्यालये आहेत. आणि ज्या घरात काळा कोट आला आहे, त्या घराने त्या मुलाला सांभाळावे. दिवसभर तो दुसऱ्यांचे दुःख ऐकतो. कधी स्वतःच्या जातीवरचा टोमणाही त्याला ऐकावा लागतो. संध्याकाळी तो गप्प असेल तर त्याला गर्विष्ठ म्हणू नका. त्याच्याजवळ बसा.

आणि त्या मुलाला, त्या मुलीला माझे सांगणे इतकेच. दोन्ही काकांचे ऐक, पण अर्धे अर्धे. एकाकडून लगाम धरण्याचे कसब घे, दुसऱ्याकडून काळीज घे. टांग्यात कोण बसले आहे याचा विसर पडू देऊ नकोस, आणि पुलाला कठडे नाहीत हेही विसरू नकोस.